गळवाचा हिशेब कोण ठेवणार?

उकाडा वाढला, घामोळे खाजवले गेले, दाढी करताना ओरखडा उठला किंवा मांडीवर केसतोड झाले, की आपल्याकडचा उपचार ठरलेला असतो. आधी घरगुती पोटीस, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘गळवाच्या’ चार कॅप्सूल आणि एक ट्यूब. डॉक्टरांकडे जाण्याइतके ते मोठे दुखणे वाटत नाही. तीन-चार दिवसांत गळू पिकते, फुटते, पू जातो, ठणका थांबतो आणि गुण कॅप्सूलचा आला अशी सर्वांची खात्री होते. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो पू वाहून गेल्याने आलेला असतो. कॅप्सूलने मात्र वेगळेच एक काम केलेले असते. त्या माणसाच्या नाकात, कातडीवर आणि आतड्यात राहणाऱ्या असंख्य जिवाणूंपैकी जे तिला दाद देत नाहीत, त्यांना तिने मोकळे रान करून दिलेले असते. औषधांना न जुमानणारा स्टॅफ हा जिवाणू रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, वस्तीत, शाळेत आणि मैदानात का दिसू लागला, हे समजून घ्यायचे तर या चार कॅप्सूलपासून सुरुवात करावी लागते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे या जिवाणूचे पूर्ण नाव. स्कॉटलंडमधील शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षाच्या घडासारखे गोल जिवाणूंचे पुंजके दिसले. ग्रीक भाषेतील द्राक्षघडाच्या शब्दावरून त्यांनी त्यांना स्टॅफिलोकॉकस म्हटले. ऑरियस म्हणजे सोनेरी. प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्याच्या ठिपक्यांना येणाऱ्या रंगावरून ते नाव पडले. साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात हा जिवाणू असतो आणि एरवी त्याचा काही त्रास होत नाही. कातडीला चीर पडली, खरचटले, खाजवून जखम झाली की तो आत शिरतो. पुळी, केसतोड, नखुर्डे, गळू ही त्याची नेहमीची कामे. क्वचित तो रक्तात उतरतो आणि मग हाड, सांधा, फुप्फुस, हृदयाच्या झडपा यांपैकी काहीही धरू शकतो. अशा वेळी पहिले औषध बरोबर लागले की नाही, यावर जीव अवलंबून असतो.

या जिवाणूचा आणि औषधांचा पाठशिवणीचा खेळ जुना आहे. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आले, तेव्हा स्टॅफच्या संसर्गाने हमखास दगावणारे रुग्ण उठून घरी जाऊ लागले. पण काही वर्षांतच पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर बनवणारे स्टॅफ रुग्णालयांत पसरले. त्यावर तोडगा म्हणून या विकराला पुरून उरणारे मेथिसिलिन तयार झाले आणि १९५९-६०च्या सुमारास वापरात आले. १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. मेथिसिलिन-रोधी स्टॅफ म्हणजेच एमआरएसए तो हाच. जिवाणू आपली भिंत ज्या प्रथिनांच्या मदतीने बांधतो, त्यांना पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जखडून टाकतात. एमआरएसएकडे मेकए नावाचे जनुक असते. ते भिंत बांधणारे एक पर्यायी प्रथिन तयार करते आणि त्या प्रथिनाला ही औषधे धरूच शकत नाहीत. त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातील औषधांबरोबर जवळजवळ सगळी सेफॅलोस्पोरिनेही निकामी ठरतात. औषध ‘भारी’ आहे, महाग आहे, इंजेक्शनातून दिले आहे, याने काहीही फरक पडत नाही.

पहिली तीसेक वर्षे हा रुग्णालयातला जंतू समजला जाई. दीर्घकाळ दाखल असलेले, शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवरचे, शिरेत नळी असलेले रुग्ण हे त्याचे भक्ष्य. १९९०च्या दशकात हे चित्र बदलले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील दूरच्या वस्त्यांमधून, रुग्णालयाशी संबंध न आलेल्या लोकांत तो सापडू लागला. मग १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेच्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा राज्यांत चार मुले त्याने दगावली. वये १२ महिन्यांपासून १३ वर्षांपर्यंत. मुले एरवी निरोगी होती आणि रुग्णालयातून जंतू घेऊन यावा असे त्यांच्या बाबतीत काहीही घडलेले नव्हते. चौघांनाही सुरुवातीला सेफॅलोस्पोरिन दिले गेले होते. साध्या स्टॅफवर ते चालले असते. या स्टॅफवर त्याचा उपयोग नव्हता आणि हे कळेपर्यंतचा वेळ हातातून निघून गेला. उपचार करणाऱ्यांनी हयगय केली असे नव्हते. हा जंतू गावात आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हते. आपल्या दृष्टीने या प्रसंगातला सर्वात महत्त्वाचा धडा हाच आहे.

त्यानंतर तो कुठे कुठे दिसला, याची यादी बोलकी आहे. २००२ मध्ये लॉस एंजलिस परगण्याच्या तुरुंगात नऊशेहून अधिक कैद्यांच्या जखमांत तो सापडला; आधी कैद्यांना वाटत होते की कोळी चावला आहे. आपल्याकडेही असे गळू ‘रात्री काहीतरी चावले’ म्हणूनच सांगितले जाते. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघातील ५८ पैकी ५ खेळाडूंना त्याची लागण झाली आणि प्रत्येक गळू कृत्रिम हिरवळीवर खरचटलेल्या जागीच उठले होते. संसर्ग जिथे पसरतो त्या जागांची लक्षणे पाच: दाटी, कातडीला कातडीचा स्पर्श, खरचटलेली कातडी, सामायिक वस्तू आणि स्वच्छतेची वानवा. ही लक्षणे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे तुरुंगच यायला हवा असे नाही. तालमीतील मॅट, कबड्डीचे मैदान, आश्रमशाळेचे वसतिगृह, पोलीस भरतीसाठी तरुणांनी दाटीने घेतलेल्या खोल्या, एका पंचाने चौघे अंग पुसणारे घर, या सगळ्यांना ती लागू पडतात.

वस्तीत पसरणारा हा स्टॅफ म्हणजे रुग्णालयातून घरी आलेला जंतू, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बहुतांशी वेगळ्या वंशाचा आहे. त्याने मेकए जनुक ज्या जनुकीय तुकड्यातून उचलले, तो तुकडा आकाराने लहान असतो. त्यामुळे ते ओझे वाहताना त्याची वाढ फारशी मंदावत नाही. त्यातले अनेक वंश पांढऱ्या पेशी फोडणारे विषही बनवतात. म्हणून तो धडधाकट माणसाच्या कातडीवर सहज टिकतो आणि मोठी, वारंवार होणारी गळवे उठवतो. फ्लूनंतर फुप्फुसात उतरला, तर तरुण माणसालाही दोन-तीन दिवसांत अत्यवस्थ करू शकतो.

भारताचा संबंध इथे दूरचा नाही. एसटी ७७२ या नावाने ओळखला जाणारा आणि ‘बेंगॉल बे क्लोन’ असे टोपणनाव मिळालेला वंश भारतीय उपखंडातच वाढला. २००४ च्या सुमारास भारत आणि बांगलादेशातील नमुन्यांत तो सापडला. पुढे युरोप-ऑस्ट्रेलियात जे रुग्ण आढळले, त्यांतल्या अनेकांचा उपखंडाशी प्रवासाचा किंवा नात्यागोत्याचा संबंध निघाला. बरीचशी नेहमीची प्रतिजैविके एकाच वेळी झुगारून देणे, ही त्याची खासियत. मुंबईतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर आणखी एक गोष्ट पुढे आली. तिथे रुग्णालयातील जुन्या एमआरएसए वंशाच्या बरोबरीने एसटी २२ आणि एसटी ७७२ हे वंश डोके वर काढत होते. म्हणजे जंतू रुग्णालयातून वस्तीत येण्याऐवजी वस्तीतले वंश रुग्णालयात शिरत होते. रुग्णालयाचे आणि समाजाचे, असे दोन वेगळे कप्पे करून आपण निश्चिंत राहू शकत नाही.

आता आकड्यांकडे वळू. देशातील १५ केंद्रांच्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन केलेल्या पाहणीत २००८ मध्ये तपासलेल्या स्टॅफपैकी ४२ टक्के आणि २००९ मध्ये ४० टक्के एमआरएसए निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांतही हे प्रमाण चाळिशीच्या आसपासच आहे. जागतिक पातळीवर १९९० मध्ये एमआरएसएच्या रोधकतेमुळे सुमारे ५७ हजार मृत्यू झाले होते, ते २०२१ मध्ये १ लाख ३० हजारांवर गेले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला आहे.

हे आकडे गंभीर आहेत, पण ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. आपल्याकडचे बहुतेक आकडे मोठ्या, शिकवणी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतून येतात. तिथे पोचणाऱ्या रुग्णाने वाटेत दोन-तीन डॉक्टर आणि तितकीच प्रतिजैविके पालथी घातलेली असतात. त्यामुळे तिथला ४० टक्क्यांचा आकडा उचलून गावातल्या प्रत्येक गळवाला लावणे चूक आहे. उलट गावातले गळू साधेच असणार असे धरून चालणेही तितकेच धोक्याचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी दिवसभरात जी गळवे उघडली जातात, त्यांतला पू तपासायला जातच नाही. तो कापसाबरोबर कचऱ्याच्या डब्यात जातो. ज्या डॉक्टरांना सकाळी ओपीडीत औषध लिहायचे आहे, त्यांच्या हाती आपल्या तालुक्यातला स्टॅफ कोणत्या औषधाला दाद देतो याची काहीही माहिती नसते. मिनेसोटातील डॉक्टर १९९७ मध्ये ज्या अंधारात होते, त्याच अंधारात आपले बहुसंख्य डॉक्टर आजही औषधे लिहितात.

माहिती नसली की अंदाज चालतो आणि अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूने चुकतो. गळवासाठी दुकानातून किंवा चिठ्ठीवरही सर्रास मिळणारे सेफिक्सिम घ्या. साध्या, कोणतीही रोधकता नसलेल्या स्टॅफवरही त्याचा उपयोग होत नाही. एमआरएसएचा तर प्रश्नच नाही. तरीही ते दिले जाते, कारण ते हाताशी असते आणि ‘स्ट्राँग’ म्हणून त्याची ख्याती आहे. तीच गत स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेल्या मलमांची. खाज, पुरळ, गजकर्ण, पुळी, सगळ्याला ती एकच ट्यूब. स्टिरॉइडमुळे लाली तात्पुरती मावळते, कातडीची प्रतिकारशक्ती खालावते आणि त्यातले प्रतिजैविक जिवाणूंना रोधकतेचा रोजचा सराव देते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. त्याआधी १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या परिशिष्टातील औषधांसाठी डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारांवर आले. सेफिक्सिम त्याच यादीत आहे. नियम कागदावर आहेत; काउंटरवर त्यांचा पत्ता नसतो, हे औषध घ्यायला गेलेला कोणीही सांगेल.

या सगळ्यातली खेदाची बाब अशी, की पिकलेल्या गळवाचा मुख्य उपचार मुळात प्रतिजैविक नाहीच. गळवात छोटी चीर देऊन पू पूर्ण काढणे, हा तो उपचार. अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाराशेहून अधिक रुग्णांची गळवे चिरून रिकामी केली गेली. मग निम्म्यांना कोट्रायमोक्साझोल हे जुने, स्वस्त औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. औषध मिळालेल्यांपैकी ८० टक्के बरे झाले. नुसती चीर दिलेल्यांपैकी ७४ टक्के. औषधाचा फायदा आहे, पण मोठा वाटा चिरेचा आहे. आणि जे औषध कामी आले ते नवे वा महाग नव्हते. त्या जंतूवर चालणारे होते. नेमके कोणते औषध चालेल हे पुवाच्या तपासणीतून दोन-तीन दिवसांत कळते. सेफॉक्सिटिन या औषधाची चकती जिवाणूंच्या थरावर ठेवून स्टॅफ मेथिसिलिन-रोधी आहे का, हे साध्या प्रयोगशाळेतही ओळखता येते.

मग हे का होत नाही? सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. चीर द्यायला वेळ, निर्जंतुक साहित्य, भूल आणि दोन-तीनदा मलमपट्टीची सोय लागते. गर्दीच्या दवाखान्यात चिठ्ठी लिहायला एक मिनिट पुरते. रुग्णालाही ‘कापाकापी’ नको असते. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीचे पैसे आणि बुडालेला दिवस दोन्ही जड जातात. म्हणूनच हा प्रश्न उपदेशाने सुटणारा नाही. योग्य उपचार हाच सर्वात सोयीचा आणि स्वस्त उपचार होईल, अशी व्यवस्था उभी करावी लागेल.

उशीर केला तर किंमत गळवापुरती राहणार नाही. एमआरएसएवर आजही चालणाऱ्या गोळ्यांमध्ये लिनेझोलिड हे महत्त्वाचे औषध आहे. तेच औषध बहुऔषधरोधी क्षयाच्या नव्या, सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीचाही कणा आहे. पुळीसाठी लिनेझोलिड वाटायला लागलो तर क्षयरोग्याच्या हातचे औषध आपण घालवू. शिवाय निदान न झालेल्या क्षयरोग्याला ते एकटेच मिळाले तर क्षयाचे जंतू त्यालाही सरावतील. क्षयाचा एवढा बोजा वाहणाऱ्या देशाला ही चैन परवडणारी नाही. त्यात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांची जखम लवकर भरत नाही आणि गळू लवकर चिघळते.

राज्य सरकारने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात ठरावीक ग्रामीण रुग्णालये आणि नागरी दवाखाने निवडून, तिथे उघडल्या जाणाऱ्या गळवांच्या पुवाचे नमुने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोफत तपासले जावेत. क्षयाच्या थुंकीचे नमुने गावातून प्रयोगशाळेत नेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. त्याच वाटेने हे नमुने जाऊ शकतात. कोणत्या जिल्ह्यात स्टॅफ कोणत्या औषधाला दाद देतो, याचे एक पानी पत्रक दर सहा महिन्यांनी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोचले पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने एच-१ च्या वह्या खरोखर उघडून पाहिल्या पाहिजेत. प्रतिजैविक-रोधकतेचा स्वतःचा राज्य आराखडा २०१८ मध्ये सर्वात आधी करणाऱ्या केरळने २०२४ पासून औषध दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या. महाराष्ट्रासारख्या राज्याला ते अशक्य असण्याचे कारण नाही.

मोजल्याने काय होते, याचे उत्तर इंग्लंडने दिले आहे. तिथे २००१ पासून प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रक्तातील एमआरएसएच्या संसर्गाची नोंद करणे सक्तीचे झाले आणि आकडे रुग्णालयांच्या नावानिशी जाहीर होऊ लागले. पुढे ते निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. २००३-०४ मध्ये ७,७०० असलेली नोंद २०१२-१३ पर्यंत हजाराच्या खाली आली. त्यासाठी कोणतेही चमत्कारी औषध आले नव्हते. हात धुणे, नळ्या घालताना घ्यायची काळजी, वाहक रुग्ण ओळखणे आणि दर महिन्याला द्यावा लागणारा हिशेब, एवढ्यावर हे घडले. ती लढाई रुग्णालयातली होती; वस्तीतली अधिक विखुरलेली असेल. पण आकडा समोर नसताना तिची सुरुवातही होणार नाही.

घरात करायचे ते आजपासून करता येईल. गळू पिळू नये, सुईने टोचू नये. पू बाहेर येण्याऐवजी खोल जातो आणि बोटांवाटे घरभर पसरतो. वाहते गळू स्वच्छ कापडाने किंवा पट्टीने झाकावे, पट्टी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. टॉवेल, पंचा, दाढीचे साहित्य, नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे. त्या व्यक्तीचे कपडे नि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. सलूनमध्ये नवे ब्लेड मागायला संकोच करू नये. तालमीत व क्रीडासंकुलात सरावानंतर लगेच अंघोळ, मॅट रोज पुसणे आणि उघडी जखम असलेल्या मल्लाला ती झाकली जाईपर्यंत विश्रांती, हा नियम वस्तादांनीच घालून द्यावा. तो सरकारी परिपत्रकापेक्षा लवकर पाळला जाईल. गळवाबरोबर ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, गळू चेहऱ्यावर असले, रुग्ण तान्हा किंवा मधुमेही असला, मूल ताप येऊन लंगडू लागले किंवा फ्लूनंतर धाप लागली, तर दुकानात न जाता थेट रुग्णालय गाठावे. घरात पुन्हा पुन्हा गळवे होत असतील तर डॉक्टरांना एकच विनंती करावी: पू तपासायला पाठवा.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिजैविक-रोधकतेच्या जागृतीसाठी पाळला जातो. फलक लागतात, प्रतिज्ञा होतात. यंदा त्या आठवड्यात आरोग्य विभागाने निदान एका जिल्ह्यातील गळवांच्या तपासणीचा अहवाल जाहीर करावा. आकडा लहान निघाला तर साधे, स्वस्त औषध निर्धास्तपणे देता येईल. मोठा निघाला तर पुढच्या तापलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळेल.